चौदा नंबरची चादर

डाग काढण्यात लाँड्रीमावशीचा हात धरणारं त्या वृद्धाश्रमात कोणी नव्हतं. चहाचा असो, औषधाचा असो, रक्ताचा असो नाहीतर जेवताना ज्याचं नाव काढू नये त्याचा असो, मावशी आधी चादर उजेडात धरायची, नाक मुरडायची, एक शिवी हासडायची आणि मग कामाला लागायची. रक्ताला गार पाणी; गरम लावलं की ते कायमचं बसलंच म्हणून समजा. लघवीला आधी नुसतं भिजत घालायचं. पिवळ्या डागाला सोडा. आणि कशालाच बधत नाही त्याला ब्लीच. दुपारपर्यंत बाजूच्या अंगणात बत्तीस चादरी अशा पांढऱ्याधोप वाळत असायच्या, की भेटायला आलेले नातेवाईक फाटकातूनच म्हणायचे, “वा, काय स्वच्छता आहे!” मावशीला ते ऐकू यायचं आणि तिची मान ताठ व्हायची. आता ते आठवलं की तिला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

इमारत दोन मजल्यांची. मजल्याला सोळा खाटा आणि सोळा खाटांमागे एक आया. लाँड्री तळघरात, लाँड्रीच्या मागे एक खोली, आणि त्या खोलीत मावशी एकटी राहायची. नोकरी गेली तर डोक्यावरचं छप्परही त्याच दिवशी जाणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं आणि मेट्रनला तिच्याहून पक्कं.

या मेट्रनला पाठीमागे सगळे अत्तरबाई म्हणायचे. रविवारी भेटीची वेळ व्हायच्या आधी दहा मिनिटं ती हातात फवाऱ्याची बाटली घेऊन खोल्याखोल्यांतून फिरायची. फुस्स, फुस्स. खाली मुताचा वास, वर मोगऱ्याचा. दोन्ही मिळून जे काही तयार व्हायचं ते नाकात गेलं की पोटातलं वर यायचं. नातेवाईकांना मात्र तो वास आवडायचा बरं का! लोकांना काय, नाकाला बरं लागलं की डोळे मिटायला ते मोकळे.

खाटांचे नंबर वरच्या मजल्यापासून सुरू व्हायचे. तिथं चौदा नंबरच्या खाटेवर शिवणबाई होती. तीन वर्षांपूर्वी ती स्वतःच्या पायांनी आली होती, गळ्यात मापाची टेप घालून. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवलेली बाई ती, तिला रिकामं कसं बसवणार? दुसऱ्याच दिवशी जिना उतरून लाँड्रीत आली आणि मावशीच्या घड्या बघून म्हणाली, “पोरी, ही घडी आहे की गुंडाळी?” मावशी तेव्हा पन्नाशीची. पन्नाशीच्या बाईला पोरी म्हणणारं माणूस मिळालं म्हणून मावशीला आधी हसू आलं आणि मग का कोण जाणे, रडूच आलं. तेव्हापासून दोघींचं गूळपीठ जमलं ते जमलंच.

चादरींवर नंबर घालायची कल्पनाही शिवणबाईचीच. त्याआधी कुणाची चादर कुणाला जायची याला धरबंध नव्हता. पाच नंबरच्या आजोबांची चादर अकरा नंबरला गेली आणि त्यांची खरूज अख्ख्या मजल्यानं खाजवली. शिवणबाईला त्याची अशी किळस आली की तिनं लाल दोरा मागवला, लाँड्रीतल्या स्टुलावर ठाण मांडलं आणि दोन महिन्यांत, खाटेमागे सहा-सात चादरी असतील, त्या एकूण एक चादरीच्या कोपऱ्यात खाटेचा नंबर भरून काढला. बारीक, घट्ट टाका. ब्लीचनं चादर विरली तरी नंबर जागचा हलत नसे.

“नंबर उशाला, डाव्या कोपऱ्यात,” ती एकेका आयेला दटावून सांगायची. “पायाकडे आला तर म्हाताऱ्या पायांना दोरा टोचतो. डोळे मिटून घातलीस तरी हाताला नंबर लागला पाहिजे.” आया तिला मनातल्या मनात शिव्या घालायच्या, पण हाताला सवय लागली ती लागली. चादर उलटी पडणं तिथं बंदच झालं.

मग एका सकाळी बाथरूमची फरशी कुणी पुसली नव्हती. शिवणबाई घसरली, खुब्याचं हाड मोडलं, आणि इस्पितळातून परत आली ती आडवीच. टेप तिनं मावशीला दिली. “तिथं खिळ्याला लाव. मी खाली आले की लागेल.” ती काही खाली आली नाही. टेप तिथंच लटकत राहिली.

आता अशा आडव्या माणसाला कूस द्यावी लागते. म्हणजे दर दोन तासांनी त्याला वळवायचं. डावी कूस, पाठ, उजवी कूस. नाहीतर एकाच जागी पडून पडून कातडी मरते, मग मांस मरतं, आणि जिवंत माणूस खालच्या बाजूनं सडायला लागतो. हे काही मोठं गुपित नाही, वृद्धाश्रमात झाडू मारणारालाही ते ठाऊक असतं. त्यासाठी तिथं एक वहीसुद्धा होती. कूसवही. खाटेचा नंबर, तारीख, वेळ आणि समोर डावी, पाठ किंवा उजवी. दर महिन्याला डॉक्टर यायचे, वही उघडायचे, खाली सही ठोकायचे आणि चहा पिऊन जायचे.

ही वही कशी भरली जायची ते मावशीनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. महिन्याच्या एक तारखेला वरच्या मजल्यावरची आया चहाचा कप घेऊन लाँड्रीत यायची, कारण ड्रायरपाशी ऊब असायची. तिथं बसून ती अख्ख्या महिन्याची वही एका बैठकीत भरायची. “डावी, पाठ, उजवी. डावी, पाठ, उजवी.” पाढे म्हणावेत तशी. एकदा नऊ नंबरचे आजोबा अठरा तारखेला गेले. त्यांना नेलं, खाट धुतली, तिथं नवीन माणूस आला. वहीत मात्र आजोबा एकतीस तारखेपर्यंत कूस बदलत होते! आणि त्याखाली डॉक्टरांची सही.

आयेनंच ते मावशीला दाखवलं आणि दोघी पोट धरून हसल्या. मावशीसुद्धा हसली. हे विसरून चालणार नाही. मेलेल्या माणसाला कूस दिली म्हणून हसली, पण जिवंत माणसांना कोण कूस देतंय हा प्रश्न तिच्या डोक्यात आला नाही. किंवा आला असेल, आणि तिनं तो ब्लीचच्या बादलीत बुडवला असेल.

चौदा नंबरच्या चादरीवर पहिला डाग आला तेव्हा तो रुपयाएवढा होता. गुलाबी, कडेला पिवळसर. मावशीनं तो उजेडात धरला. लघवी नाही, चहा नाही, मलम नाही. रक्त आणि पाणी. तिला कळलं. दुसरा कुठला डाग असता तर कदाचित शंका आली असती, पण डागांच्या बाबतीत तिला शंका येतच नसे. तिनं गार पाण्यात चादर टाकली, चोळली, आणि डाग गेला. आया खाली आली तेव्हा ती एवढंच म्हणाली, “चौदा नंबरला कूस देता ना गं?” आया म्हणाली, “देतो की.” झालं. तेवढ्यावर मावशीनं समाधान मानलं.

मग डाग बशीएवढा झाला. मग त्याला हिरवट कड आली. मग असा वास यायला लागला की ती चादर हातात घेताना मावशी तोंडानं श्वास घ्यायची. तरी धुतच होती. चादर दोरीवर जायची तेव्हा अशी लख्ख, की त्यावर कधी काही होतं हे देवालाही कळू नये.

शिवणबाईची मुलगी गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची आणि दर पंधरा दिवसांनी यायची. एका रविवारी ती मुद्दाम जिना उतरून लाँड्रीत आली. मावशीचे दोन्ही हात हातात घेतले. “मावशी, आईची चादर बघितली की मला इतकं बरं वाटतं! जिथली चादर एवढी स्वच्छ तिथं माणसाचे हाल कसे होतील? तुमच्यामुळं मला घरी शांत झोप लागते.”

“आई काही म्हणते का, ताई?” मावशीनं विचारलं.

“पाठ जळते म्हणत होती. मी मेट्रनबाईंना म्हटलं, जरा बघू का? त्या म्हणाल्या, आत्ताच कूस दिलीय, आता हलवलं तर त्यांना उगाच त्रास होईल.”

मावशीच्या जिभेच्या टोकावर आलं होतं. पण दारात अत्तरबाई उभी होती, हातात बाटली, तोंडावर हसू. मावशीनं हात सोडवून घेतले आणि घड्या घालायला लागली. थू तिच्या जिनगानीवर! हे आम्ही म्हणत नाही, तीच त्या रात्री अंथरुणात स्वतःला म्हणाली.

पुढच्या मंगळवारी तिनं चौदा नंबरची चादर उलगडली तर डागाच्या मधोमध काहीतरी चिकटलेलं होतं. तिला वाटलं, भिजलेल्या पावाचा तुकडा असेल. आया खाटेवरच भरवतात, सांडतं. तिनं तो नखानं खरवडला. मऊ लागला. करडा, एका कडेनं काळा. ती तो उजेडापाशी घेऊन गेली आणि तिथं तिला समजलं की हा पाव नाही. ही शिवणबाई आहे. शिवणबाईच्या पाठीचा तुकडा आहे. तिनं हात झटकला, तो तुकडा फरशीवर पडला, आणि मावशी मोरीत भडाभडा ओकली. चूळ भरून परत आली तेव्हा तो तिथंच होता. केरसुणीनं लोटायचं तिला धाडस होईना. तिनं स्वच्छ फडक्यात तो उचलला आणि फडक्याची पुरचुंडी कमरेला खोचली.

मग ती वर गेली. लाँड्रीच्या माणसानं वॉर्डात जायचं नाही असा नियम होता, म्हणून छातीशी चादरींचा गठ्ठा धरून गेली. शिवणबाई पाठीवर होती. हात चिमणीच्या पायांसारखे झालेले. डोळे मात्र तेच.

“आलीस होय, पोरी?” ती म्हणाली. “कूस दे गं जरा. खाली निखारे ठेवलेत कुणीतरी.”

मावशीनं गठ्ठा टाकला आणि तिच्या खांद्याखाली हात घातला. एकटीला काही ते जमेना. शिवणबाई कळवळली आणि तिच्याखालून जो वास वर आला तो मोगऱ्याच्या शंभर बाटल्यांनी झाकला नसता. तेवढ्यात मागून आवाज आला, “इथं काय करतेस तू?”

अत्तरबाई! मावशीनं फडकं उघडून तिच्यापुढे धरलं. “मेट्रनबाई, हे बघा. हे चादरीला होतं. यांची पाठ सडलीय. डॉक्टरांना बोलवा, आत्ताच्या आत्ता बोलवा.”

अत्तरबाईनं फडक्याकडे बघितलं आणि पटकन तोंड फिरवलं. घाण बघायची तिला सवयच नव्हती. “म्हातारी कातडी आहे, होतं असं. पावडर लावतोय आम्ही. डॉक्टर यायच्या तारखेला येतील.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “आणि शनिवारी तपासणी आहे. आज डॉक्टर, उद्या इस्पितळ, परवा चौकशी, असा तमाशा मला नकोय. तू चादरी धू. माणसं आम्ही बघतो. आणि ती खोली तुला राहायला हवी असेल तर तोंड बंद ठेवून धू.”

मावशी खाली आली. मशीन सुरू करायला हात पुढे केला आणि मागे घेतला. चौदा नंबरची चादर तिनं मशीनमध्ये टाकलीच नाही. घडी करून कोपऱ्यातल्या झाकणाच्या पिंपात ठेवली. बुधवारची त्यावर ठेवली. गुरुवारची त्यावर. शुक्रवारची त्यावर. शनिवारी सकाळी निघाली तीही ठेवली. मधल्या दिवसांत तिनं दुसरंही काही करायला हवं होतं. मुलीचा फोन नंबर मिळवायला हवा होता, रस्त्यावर जाऊन ओरडायला हवं होतं. ते तिनं केलं नाही. घाबरली. पाच दिवस ती पिंपाचं झाकण उघडत होती, ओकारी गिळत होती आणि झाकण लावत होती. वर शिवणबाई जळत होती.

शनिवारी सकाळी अत्तरबाईनं कुलुपातल्या कपाटातून कोऱ्या चादरी काढल्या. वर्षातून एकदाच, तपासणीपुरत्या यायच्या त्या. कडक, घडीच्या रेघा असलेल्या, नंबर नसलेल्या. कूसवहीही नवी झाली होती. आयेनं दोन दुपारी बसून आदल्या दिवसापर्यंत ती नीट उतरवून काढली होती. खोल्याखोल्यांतून फुस्स फुस्स झालं. म्हाताऱ्यांचे केस विंचरले. एका आजीला तर लिपस्टिकही लावली मेल्यांनी.

तपासनीस दहा वाजता आले. निवृत्तीला टेकलेले गृहस्थ, आणि नेमकं त्या दिवशी त्यांना असं पडसं झालेलं की नाकाला रुमाल आणि डोळ्यांना पाणी. त्यांना मोगराही कळेना आणि दुसरंही काही कळेना. अत्तरबाईची चांदीच झाली. खोल्या बघितल्या, खाटा बघितल्या. चौदा नंबरपाशी ते क्षणभर थांबले. शिवणबाईनं काहीतरी पुटपुटलं. “झोपेत बडबडतात,” अत्तरबाई म्हणाली. कूसवही त्यांनी पान न् पान चाळली आणि “व्यवस्थित आहे” म्हणून मिटली. बाहेर चहा आणि बिस्किटं तयार होती. पण तपासणीच्या कागदावर एक रकाना लाँड्रीचाही असतो. म्हणून ते जिना उतरून खाली आले, मागून वही काखेत मारून अत्तरबाई.

“पाणी किती गरम ठेवता?” त्यांनी विचारलं. मावशीनं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं आणि फळीवरच्या धुतलेल्या चादरींच्या चळतीकडे बघितलं. “हे लाल आकडे कसले?”

मावशी बोलायच्या आत अत्तरबाई पुढे झाली. तिला राहवेना. “आमची खास पद्धत आहे साहेब! ज्याची चादर त्यालाच. संसर्ग नको म्हणून. नंबर उशाला, डाव्या कोपऱ्यात.”

“कधी उलटीसुलटी पडत नाही?”

“छे, शक्यच नाही. तीन वर्षांत एकदाही नाही. आमच्या आया डोळे मिटूनसुद्धा बरोबर घालतात.”

“हो साहेब,” मावशी म्हणाली. “बाई खरं बोलतात. आयुष्यात पहिल्यांदा बोलल्या असतील, पण खरं बोलतात. आता हे बघा.”

तिनं पिंपाचं झाकण काढलं. पडसं झालेल्या माणसानंही मान मागे घेतली. मावशीनं मंगळवारची चादर इस्त्रीच्या लांब टेबलावर पसरली. मग बुधवारची तिच्या शेजारी फरशीवर, मग गुरुवारची, शुक्रवारची, आजची. पाच चादरी. पाचही चादरींच्या डाव्या कोपऱ्यात लाल चौदा. पाचही चादरींवर तोच हिरवटपिवळा, मध्ये काळपट, ताटाएवढा डाग.

“ही बाई वेडी आहे साहेब,” अत्तरबाई म्हणाली. “कुठला तरी जुना कचरा...”

मावशीनं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. खिळ्यावरची टेप काढली. “आमच्या चौदा नंबर शिवणबाई आहेत. ही टेप त्यांची, हे टाकेही त्यांचे. नंबरापासून डाग किती लांब ते मोजते. तुम्ही लिहा.” तिनं आधी टेबलावरची मोजली, मग गुडघ्यांवर बसून फरशीवरच्या. “मंगळवार, खाली त्रेचाळीस इंच, आत तीस. बुधवार, खाली बेचाळीस, आत तीस. गुरुवार, त्रेचाळीस, एकोणतीस. शुक्रवार, त्रेचाळीस, तीस. आज, चव्वेचाळीस, तीस.” ती उठली. “माणसाला कूस दिली की डाग हलतो साहेब. डाव्या अंगाला येतो, उजव्या अंगाला येतो. हा पाच दिवसांत आडवा दोन बोटंही हललेला नाही. आता तुमची ती वही उघडा आणि मला सांगा, डावी कुठंय आणि उजवी कुठंय?”

तपासनीसांनी अत्तरबाईच्या काखेतली वही घेतली, चौदा नंबरचं पान काढलं, एकदा चादरींकडे बघितलं, एकदा पानाकडे. मग रुमाल खिशात घातला आणि जिन्याकडे निघाले. “मला त्या बाईंची पाठ बघायचीय,” ते म्हणाले.

“साहेब, आत्ताच कूस दिलीय, आता हलवलं तर...”

“मेट्रन, गप्प बसा.”

दोन आयांनी आणि मावशीनं मिळून शिवणबाईला वळवलं. गाऊन पाठीला चिकटला होता, तो पाण्यानं सोडवावा लागला. खाली जे होतं ते सांगायला नको, पण सांगितलं नाही तर लोक मोगराच हुंगत बसतील. कमरेखाली मुठीएवढा खड्डा होता. कडा काळ्या, आत पू, आणि त्या पुवावर पावडरीचा पांढरा थर. सुगंधी पावडर! खड्ड्याच्या तळाशी काहीतरी पांढरं चमकत होतं आणि ती पावडर नव्हती. ते हाड होतं. वहीत भरभरून लिहिणाऱ्या आयेनं तोंडात पदर कोंबला. अत्तरबाई तेवढ्यात खोलीबाहेर गेली होती.

रुग्णवाहिका तपासनीसांनीच मागवली, मुलीलाही त्यांनीच फोन केला. स्ट्रेचरवर घेताना शिवणबाईचं अंग तापानं फणफणलं होतं. रुग्णवाहिकेतला माणूस मान हलवत दुसऱ्याला म्हणाला, “हे आठवड्याभराचं नाही. हे फार दिवसांचं आहे. फार उशीर केलाय.” शिवणबाईचा हात अंगावरच्या चादरीचा कोपरा चाचपत होता. ती तपासणीची कोरी चादर होती. बोटं एका कोपऱ्यावरून दुसऱ्यावर गेली, परत आली.

“नंबर कुठंय?” ती पुटपुटली. “ही माझी नाही गं.”

मावशी धावत तळघरात गेली आणि फळीवरची धुतलेली चौदा नंबरची चादर घेऊन आली. स्ट्रेचर फाटकापाशी पोहोचलं होतं. तिनं ती शिवणबाईच्या अंगावर घातली, नंबर उशाला, डाव्या कोपऱ्यात, आणि तिची बोटं उचलून त्या लाल टाक्यांवर ठेवली. बोटांनी आकडा ओळखला आणि ती तिथंच थांबली.

तेवढ्यात रिक्षातून मुलगी उतरली. पायात दोन वेगवेगळ्या चपला. तिनं आईचं तोंड बघितलं, तपासनीसांनी सांगितलेलं ऐकलं, रुग्णवाहिकेतल्या माणसाचं ऐकलं. मग तिची नजर त्या चादरीवर गेली. दुधासारखी पांढरी, एक ठिपका नाही. ती मावशीकडे वळली.

“मावशी, चादर तर रोज तुमच्याच हातातून जायची.”

“हो, ताई.”

“मग तुम्हाला कधीपासून माहीत होतं?”

निसटायला वाव होता. पाच चादरी जपून ठेवल्या, साहेबांना दाखवल्या, नोकरी पणाला लावली, खोली पणाला लावली, हे सगळं सांगता आलं असतं, आणि ते खोटंही नसतं. तपासनीससुद्धा तिच्या बाजूनं बोलायला तोंड उघडत होते. मावशीनं स्वतःच्या हातांकडे बघितलं. ब्लीचनं बोटांची सालं निघालेली होती.

“पहिला डाग पडला तेव्हापासून,” ती म्हणाली. “दीड महिना झाला.”

“दीड महिना?” मुलीचा आवाज फाटला. “दीड महिना काय करत होतात तुम्ही?”

“धूत होते,” मावशी म्हणाली.